विरजण लागेपर्यंत

खडकवणात कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, तर हातात पाण्याचा तांब्या यायच्या आधी तुम्हाला परसदारी नेऊन डेरा दाखवला जातो. मोरीच्या भिंतीला लागून ठेवलेला, गुडघ्याएवढा, तोंडाला मेण लावून बंद केलेला काळा मातीचा डेरा. मोरीतलं सगळं पाणी एका बाजूनं त्यात शिरतं, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं आणि पुढे बाणाई नदीला मिळतं. बाहेरच्या नळीच्या टोकाला एक कडं असतं. त्याला गावात नथ म्हणतात. पाण्यात तेल, साबण, औषध यांचा नुसता अंश आला तरी कड्यावरचा लेप लाल होतो. पाणी स्वच्छ असलं तर नथ मोत्यासारखी पांढरी राहते. २०६२ साली खडकवणात लग्न जमवताना मुलाची पत्रिका नंतर बघत, आधी मागच्या दारानं जाऊन नथ बघून येत.

मोनालीकाकू खरातांची नथ एकोणीस वर्षांत एकदाही लाल झाली नव्हती. ही गोष्ट त्या आपणहून कधी सांगत नसत. समोरच्यानं विचारेपर्यंत दुसरा विषय मात्र निघू देत नसत. (त्या पिढीतल्या बायकांची नावं अशीच : मोनाली, पिंकी, स्वीटी. शेजारच्या पिंकीआजींना नुकताच पणतू झाला होता.)

त्या दिवशी काकूंनी सकाळी लवकर उठून डेऱ्याला हळदकुंकू लावलं, पुढ्यात रांगोळी काढली, कारण त्यांचं विरजण आज तळशेतला निघालं होतं.

'विरजण' हा गावाचा शब्द. शास्त्रज्ञ त्याला 'गृहजीवसंघ' म्हणत. म्हणजे चाळीसेक जातींच्या सूक्ष्मजीवांची एकत्र नांदणारी वसाहत. त्यातला कुणी तेल खाणारा, कुणी साबण फोडणारा, कुणी औषधाचे रेणू तोडणारा. गावाबाहेर एकच मोठा प्रकल्प बांधून सगळ्यांचं सांडपाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा प्रत्येक मोरीमागे एक छोटा जिवंत प्रकल्प ठेवावा, अशी ती साधी कल्पना होती. चमचाभर दही पातेलंभर दुधाची जात बदलतं, तसे हे जीव डेराभर पाण्याची जात बदलणार होते. एकोणीस वर्षांपूर्वी ते घरोघर वाटले गेले, आणि बाणाई खरंच बदलली. जिथं गुडघाभर फेस आणि जलपर्णी होती, तिथं आता काठावर उभं राहून तळातले गोटे मोजता येत.

पण हे खडकवणपुरतंच. पुढे चार कोसांवर तळशेतला हीच बाणाई पुन्हा काळी पडे. काकूंची मुलगी शाल्मली तळशेतला दिलेली. तिच्या घराच्या गच्चीवरून नदी दिसायची, म्हणून ती गच्चीचं दार बंद ठेवायची. आता नदी संशोधन संस्थेनं ठरवलं होतं, की तळशेतपासून खालच्या सात गावांना खडकवणचं विरजण द्यायचं, आणि पहिला डेरा भरायचा तो मोनालीकाकूंच्या डेऱ्यातून. काकूंचे पाय जमिनीवर नव्हते.

नऊच्या सुमाराला संस्थेची गाडी आली. तीतून डॉ. ओवी माणगावे उतरली. वय तिशीचं, खांद्याला पेटी, मागे गाडीत सात कोरे डेरे.

"सकाळीच आलात ते बरं केलंत डॉक्टर," काकू म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर मी विरजण देत नाही कुणाला."

ओवी हसली. "फार वेळ नाही लागणार. झाकण उघडून आधी नमुना घेते."

"झाकण उघडायचं?" काकूंनी पदर खोचला. "अहो, लागतंय अजून ते!"

"काय लागतंय?"

"विरजण. दही लागत असताना कुणी भांडं हलवतं का? सारखं उघडून बघतं का?"

"काकू, एकोणीस वर्षं झाली!"

"मग? लागलं म्हणून कळवलंय का तुम्ही आम्हाला?" काकू तरातरा आत गेल्या आणि देवघरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पिवळं पडलेलं पत्रक घेऊन आल्या. "वाचा. मोठ्यांदा वाचा."

ओवीनं वाचलं. "विरजण नीट लागेपर्यंत पुढील पथ्यं पाळावीत. झाकण उघडू नये..."

पत्रक तिला पाठ होतं. मूळ प्रत संस्थेच्या कपाटात होती. फक्त त्या प्रतीत 'विरजण नीट लागेपर्यंत, म्हणजे पहिले चाळीस दिवस' असं होतं. खडकवणची पत्रकं छापताना 'चाळीस दिवस' कुठंतरी गळाले होते. संस्थेत हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खडकवणात कुणाला ते खटकलंही नव्हतं. नीट लागेपर्यंत म्हणजे नीट लागेपर्यंत. बायकांना त्यात समजावून काय सांगायचं?

नवजात जीवांना एकदम भार नको, म्हणून ही पथ्यं. कढई आणि ताटं धुण्याआधी भाकरीच्या तुकड्यानं नाहीतर जुन्या कागदानं पुसून घ्यायची. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही, डब्यात साठवून साबण करणाऱ्याला द्यायचं. कपड्यांना, भांड्यांना साबण नाही, रिठा नाहीतर राख. फरशीला फिनेल नाही, ॲसिड तर नाहीच. तांदळाचं धुवण झाडांना, उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत. आणि शेवटी, केसांना कलप लावू नये. हे शेवटचं पथ्य गावातल्या पुरुषांना फार जड गेलं. काकूंचे यजमान प्रशांतकाका अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आठ दिवसांत म्हातारे झाले. खडकवणात आज एकही काळी मिशी नाही. तळशेतचे लोक त्याला 'भीष्मांचं गाव' म्हणतात.

बऱ्याच विनवण्यांनंतर काकूंनी मेण काढलं. ओवी डेऱ्यावर वाकली. जिवंत विरजणाला ओल्या मातीचा वास येतो. याला कसलाच वास नव्हता. तिनं थेंबभर पाणी पेटीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा उचलला नाही. मग मोरीतून डेऱ्यात येणाऱ्या नळीखाली एक सुटी नथ धरली. ती पांढरीच राहिली. म्हणजे डेऱ्यात शिरणारं पाणी बाहेर पडणाऱ्या पाण्याइतकंच स्वच्छ होतं.

"कसं आहे?" काकूंनी विचारलं.

"छान आहे," ओवी म्हणाली. "जरा दुसऱ्या घरांतले नमुने घेऊन येते."

ती पाच घरं फिरून जेवायच्या वेळेला परत आली. काकूंनी पान वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता खरं सांग गं पोरी. चाळीस वर्षं दही लावतेय मी. दही लागलं नाही की बघणारीचं तोंड कसं होतं, ते मला कळतं."

ओवीला खोटं फार वेळ निभावता येत नसे. शास्त्रज्ञ म्हणून तो गुण होता, आत्ता मात्र अडचण झाली.

"मेलंय ते, काकू. पाचही घरांतलं. बहुतेक गावातलं सगळंच."

"कधी?"

"तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच, माझ्या अंदाजानं."

"कशानं पण? मी काय कमी केलं त्याला?"

"काहीच कमी केलं नाहीत. तेच झालं. त्याला लागतं तेल, साबण, खरकटं. तुम्ही त्याच्या तोंडी काही पडूच दिलं नाहीत. उपाशी मेलं ते."

काकूंनी विचारलं, "मग एवढी वर्षं पाणी कोण स्वच्छ करतंय?"

"कुणीच नाही. ते घाणच होत नाहीये."

प्रशांतकाका आतापर्यंत ताकाचा भुरका मारत ऐकत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे एकोणीस वर्षं मी उगाचच म्हातारा दिसलो?"

"आणि तळशेतचं?" काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून विचारलं. "त्यांनाही दिलं होतंत की तेव्हा."

"त्यांचं पत्रक बरोबर छापलं होतं. चाळीस दिवस म्हणून. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांनी ओतायला सुरुवात केली. तेल, ॲसिड, रंगाचे ब्रश, कालबाह्य औषधं. 'विरजण आहे ना, खाईल की!' आठवड्यात गेलं. इथं ते उपाशी मेलं, तिथं अजीर्णानं. आणि आम्हाला वाटलं, खडकवणचं वाणच दणकट."

ओवी पाणी प्यायली. तिला खरी धास्ती पुढचीच होती. गावात साडेतीन हजार घरं. एका घरानं चमचाभर तेल ओतलं तर नदीला काही होत नाही. पण साडेतीन हजार चमचे पाण्यावर पसरले की त्यांचा पातळ पडदा होतो आणि खालच्या माशांना हवा मिळेनाशी होते. साबणातलं खत जलपर्णीला मिळतं आणि ती महिन्याभरात नदी झाकून टाकते. डेऱ्यात राखणदार नाही हे कळल्यावर लोक उद्यापासून सुटले, तर बाणाई पावसाळ्याआधीच काळी होणार होती.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली. "तोवर कुणाला सांगू नका."

काकूंनी मान हलवली. काकांनीही हलवली. पण काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

काकूंना आधी काहीच वाटलं नाही. भांडी घासायला बसल्यावर मात्र त्यांना आठवलं, शाल्मली बाळंतपणाला आली होती तेव्हा या डेऱ्यापायी त्यांनी तिची शाम्पूची बाटली लपवून ठेवली होती. 'माझ्यापेक्षा तुला ते मडकं जवळचं,' असं म्हणून पोर रडली होती आणि गेल्यावर दोन महिने फोनवर धड बोलली नव्हती. एका मेलेल्या गोष्टीसाठी आपण ओल्या बाळंतिणीला रडवलं. काकूंना इतका संताप आला, की त्यांनी कुरडया तळलेली कढई उचलली आणि आतलं सगळं तेल मोरीत ओतलं. "घे! मेलायस ना? घे आता!"

तासाभरात नथ लालबुंद झाली.

आणि मग जे झालं त्यानं ओवी चक्रावली. आधी मागच्या गल्लीतली एक बाई पेज घेऊन आली. "काकू आजारी आहेत का? नथ लाल दिसली." मग पिंकीआजी काठी टेकत आल्या. मग अख्खी आळी. एकानंही 'तेल का ओतलंत' असं विचारलं नाही. मोनालीकाकूंच्या घरी नथ लाल म्हणजे घरात काहीतरी आक्रीत घडलंय, एवढंच सगळ्यांना कळत होतं. काकू पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांना रडू येत होतं, आणि एवढ्यात समोर जे दिसलं त्यानं हसूही आवरेना.

प्रशांतकाका न्हाणीघरातून बाहेर आले होते. त्यांनी बातमी सांगायला जाता जाता कलपाची पुडी आणली होती. अर्धी मिशी काळीकुळकुळीत, अर्धी पांढरी, हातात कलपाचं पाणी भरलेली वाटी.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पहिली बाजू झाली," काका म्हणाले. "पण वाटी धुवायची कुठं?"

"मोरीत धुवा. मेलंय ना ते!"

"हो, मेलंय. कळतं मला." काका वाटी घेऊन मोरीपाशी गेले, परत आले, परसात गेले, परत आले. "हात होत नाही गं," ते शेवटी म्हणाले. पुढे आठ दिवस ते तशाच दुरंगी मिशीनं हिंडले, आणि ती वाटी झाकण लावून माळ्यावर गेली.

ते आठही दिवस ओवी पहाटे उठून आळीआळीनं नथा बघत फिरली. प्रत्येक वळणावर तिला लाल नथ दिसेल असं वाटायचं. पण नथा पांढऱ्या होत्या. काकूंची दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी झाली. लोकांना खरं कळलं नव्हतं असं नाही. तिनं स्वतः चावडीवर उभं राहून समजावलं होतं. पिंकीआजींनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकीच्यांची मेली असतील बाई. हयगय करतात. माझं जिवंत आहे." ओवीनं त्यांना डेरा उघडून दाखवू का विचारलं. "नको," आजी घाईनं म्हणाल्या. "लागतंय अजून."

हेच तिला साडेतीन हजार घरांतून कमीअधिक शब्दांत ऐकायला मिळालं असतं.

नवव्या दिवशी संस्थेतून फोन आला, सात गावं डेऱ्यांची वाट बघताहेत. ओवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. "काकू, त्या डेऱ्यांत मी घालू काय? माझ्याकडे ताजे जीव आहेत. पण गावानं पथ्यं पाळली तर ते मरणार, नाही पाळली तरी मरणार."

काकूंनी तिच्यासमोर दह्याचं भांडं ठेवलं. घट्ट, सुरीनं कापावं असं. "हे दही कशानं लागलं?"

"विरजणानं."

"मग यातनं ते विरजण वेगळं काढून दाखव बरं."

ओवीनं चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"नाही ना निघत? लागलं की विरजण राहतंच कुठं! सगळंच विरजण होतं. आता मला सांग, उद्या तुला दुसरीकडे दही लावायचं झालं, तर तू यातलं काय नेशील?"

"कुठलाही चमचाभर."

"मग मला ने," काकू म्हणाल्या. "मी तळशेतला लेकीकडे महिनाभर राहते. पिंकीला दुसऱ्या गावात धाड, तिची नात आहे तिथं. अशा सात जणी मी काढून देते. मोऱ्यांपाशी डेरे ठेवा, नथा लावा, पत्रक वाटा. फक्त ते चाळीस दिवस परत घालू नका त्यात."

ओवीनं संस्थेला सगळं जसंच्या तसं कळवलं. अहवालात तिनं लिहिलं, की डेऱ्यातले जीव मृत आहेत, पण त्यांच्या निमित्तानं दुसरं काहीतरी या गावात वाढलं आहे. ते घरातून घरात पसरतं, आईकडून मुलीकडे जातं, विचारून येत नाही आणि खरं सांगितल्यानं मरत नाही. त्याला काय म्हणावं हे तिला सुचलं नाही. 'जिवंत की मृत' हा रकाना तिनं कोराच ठेवला. संस्थेतल्या वरिष्ठांनी अहवाल वाचून एवढंच कळवलं : पत्रकं खडकवणच्या पद्धतीनं छापून घ्यावीत.

तळशेतला शाल्मलीनं आईला दारातच मिठी मारली. मग मागून ओवीनं गाडीतून उतरवलेल्या डेऱ्याकडे बघून तिचा चेहरा थोडा आवळला. "आलं का हे मडकं इथंही?"

जेवणं होत आली. काकू अजून भात कालवत होत्या. शाल्मलीनं एकदम ओवीकडे वळून विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. खडकवणात म्हणे कुणाकुणाचं विरजण मेलंय. आमच्या आईचं तरी जिवंत आहे ना? नाहीतर त्या वेळी मी रडले ते फुकटच."

ओवीनं तोंड उघडलं. 'नाही' म्हणायचं ठरवूनच ती आली होती. प्रत्येक घरी जायचं आणि खरं तेच सांगायचं, असा तिचा निश्चय होता. पण तिच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच शाल्मली तिच्या हाताकडे टक लावून बघत होती. ओवीनंही खाली पाहिलं. भाकरीचा शेवटचा तुकडा तिच्या चिमटीत होता आणि त्यानं ती आपलं ताट पुसत होती. कालवणाचं शेवटचं बोट तिनं टिपून घेतलं होतं. ताट लख्ख झालं होतं. हे आपण कधीपासून करायला लागलो, तिला आठवेना. तिच्या शहरातल्या घरी डेरा नव्हता, नथ नव्हती. पण तिकडेही आपण आता हेच करणार, हे तिला पक्कं कळलं.

"सांगा ना," शाल्मली म्हणाली. आणि बोलता बोलता तिनं आपल्याही ताटातला उरलेला तुकडा उचलला.

मोनालीकाकूंनी आधी डॉक्टरच्या ताटाकडे पाहिलं, मग लेकीच्या. एकोणीस वर्षांत जे त्यांनी कुणालाही म्हणू दिलं नव्हतं, ते त्या हळूच म्हणाल्या.

"लागलं."